पहिल्या नोंदीपूर्वींचें गिट



आपल्या शाळेंतील जे विद्यार्थी आतां प्रोग्राम लिहूं लागले आहेत, त्यांस आम्ही काँप्युटरच्या वर्गांत गिट नांवाच्या साधनाचा परिचय करून देत असतों. लिहिलेल्या कामाची प्रत्येक अवस्था दिनांकासह जपून ठेवणें, चूक झाल्यास मागील अवस्थेकडे परत जाणें, आणि दोघांचौघांनीं मिळून एकच काम एकमेकांस अडथळा न करितां चालविणें, हे ह्या साधनाचे तीन मुख्य उपयोग होत. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारी मंडळी इ. स. २००२ पासून बिटकीपर नांवाचें दुसरें एक साधन वापरीत असत. २००५ मध्यें त्या साधनाचा विनामूल्य वापर बंद झाला, तेव्हां लिनस टॉरव्हल्ड्स ह्यांनीं त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यांत गिट लिहावयास घेतलें. आणि जुलैपासून जुनिओ हमानो ह्यांनीं त्याची देखभाल आपल्याकडे घेतली. आज लहानमोठे असंख्य प्रोग्राम ह्याच साधनाच्या आधारें लिहिले जातात.

ह्या साधनाविषयीं विद्यार्थ्यांच्या ज्या शंका आमच्याकडे येतात, त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. काम वाढलें, शाखा पुष्कळ झाल्या, गुंता झाला, म्हणून अडलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो. बहुतेक सारे अडतात ते अगदीं पहिल्या पाव तासांत, भांडार नवें कोरें असतांना. कालपर्यंत वर्गांत बिनतक्रार चाललेली आज्ञा घरीं नव्या भांडारांत दिली कीं 'फेटल' हा शब्द उच्चारून गिट थांबतें. आणि कोशांत त्या शब्दाचा अर्थ 'प्राणघातक' असा सांपडल्यावर मुलाचा जीव खालींवर होतो. मग तें दिसेल ती आज्ञा भराभर देत सुटतें, आणि जें मुळांत बिघडलेलें नव्हतें तें खरोखरच बिघडवून बसतें. वस्तुतः 'फेटल' ह्याचा येथें अर्थ एवढाच कीं, दिलेली आज्ञा पुढें चालवितां येत नाहीं म्हणून ती तेथेंच सोडून दिली आहे. त्यानें कोणतेंही काम मरत नाहीं व यंत्रही बिघडत नाहीं.

म्हणून ह्या लेखांत आम्ही नव्या भांडाराचाच तेवढा विचार करणार आहों. प्रारंभीं दोन सूचना. येथें आज्ञा देवनागरींत छापल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपींतच लिहावयाच्या. दुसरें असें कीं, रिपॉझिटरीला आम्ही भांडार, कमिटला नोंद व ब्रँचला शाखा हे शब्द योजिले आहेत.

१. पाळण्यावर नांव, पाळणा रिकामा

'गिट इनिट' ही आज्ञा दिली म्हणजे कामाच्या फोल्डरांत '.गिट' नांवाचें एक झांकलेलें फोल्डर तयार होतें. हेंच भांडार. त्यांत 'हेड' नांवाची एक लहानशी फाइल असते. ती उघडून पाहिल्यास तींत एकच ओळ आढळते, तिचा भावार्थ असा कीं, "सध्यां आपण 'मेन' ह्या शाखेवर आहों." कोणाच्या यंत्रावर 'मेन' ऐवजीं 'मास्टर' असेल, २०२० च्या जुलैंत निघालेल्या २.२८ ह्या आवृत्तीपासून हें पहिलें नांव ज्याचें त्यास ठरवून ठेवतां येतें. आतां भांडारांत शाखा ठेवण्याची जी जागा, तेथें जाऊन ही 'मेन' शोधावी तर तेथें कांहींच नाहीं! हेड जिच्याकडे बोट दाखवितें, ती शाखा अद्याप अस्तित्वांतच आलेली नाहीं.

हें असें कां? गिटमध्यें शाखा म्हणजे नोंदींची मोठी रास नव्हे. शाखा म्हणजे एका नोंदीचा क्रमांक लिहून ठेवलेली खूण. हा क्रमांक साधारणतः ४० अंकाक्षरांचा असतो. नवीन नोंद झाली कीं खुणेंतील क्रमांक बदलतो, आणि शाखा एक पाऊल पुढें गेली असें आपण म्हणतों. परंतु जेथें एकही नोंद नाहीं, तेथें क्रमांक कोणाचा लिहिणार? आजीनें हौसेनें पाळणा टांगून त्यावर नांव लिहून ठेवावें, पण बाळ अजून जन्मावयाचें असावें, तशी ही स्थिति आहे. नांव विचाराल तर घरांतील कोणीही सांगेल. बाळ दाखवा म्हणाल तर कोणासही दाखवितां येणार नाहीं. गिटच्या परिभाषेंतही अशा शाखेस 'अनबॉर्न', म्हणजे अजात, असेंच म्हणतात. पहिली नोंद होते त्याच क्षणीं शाखा जन्मास येते.

एवढा मुद्दा मनांत पक्का ठसला म्हणजे पुढील बहुतेक सर्व कोडीं एकाच किल्लीनें उघडतात.

२. आज्ञा काय विचारते?

नव्या भांडारांत कोणतीही आज्ञा देण्यापूर्वीं आपण स्वतःला विचारावें: ही आज्ञा शाखेचें नांव विचारते, कीं त्या नांवाखालीं असलेली नोंद मागते? नांव विचारणारी आज्ञा चालते. नोंद मागणारी थांबते.

'गिट स्टेटस' नांव सांगतें, आणि अद्याप एकही नोंद झालेली नाहीं असेंही सांगतें. 'गिट लॉग' नोंदींची यादी मागतें. ती नसल्यामुळें तें थांबतें. 'गिट कमिट --अमेंड' शेवटची नोंद सुधारावयास निघतें. सुधारावयास कांहींच नाहीं म्हणून परत येतें. 'गिट स्टॅश' अर्धवट काम बाजूस ठेवून शेवटच्या नोंदीच्या अवस्थेकडे जातें. तेथें जाण्यास ठिकाणच नसल्यामुळें पहिली नोंद नाहीं अशी तक्रार करतें. ह्या तिन्ही नकारांचें कारण एकच आहे.

ह्याहून गमतीचा प्रकार 'गिट ब्रँच' ह्या आज्ञेचा. ती दिली असतां पडद्यावर काहींच उमटत नाहीं. जणूं एकही शाखा नाहीं. पण 'गिट ब्रँच --शो-करंट' म्हटलें तर 'मेन' असें उत्तर येतें. एकाच शाखेविषयीं हीं दोन उत्तरें परस्परविरुद्ध वाटतात, तथापि दोन्ही खरीं आहेत. पहिली आज्ञा जन्मलेल्या शाखांची गणती करते. दुसरी केवळ पाळण्यावरील नांव वाचते.

तसाच प्रकार नवी शाखा काढतांना होतो. 'गिट ब्रँच प्रयोग' ही आज्ञा चालत नाहीं, कारण सध्यांच्या नोंदीवर 'प्रयोग' नांवाची दुसरी खूण करावी असें तिचें म्हणणें, आणि नोंद तर नाहीं. उलट 'गिट स्विच -सी प्रयोग' ही आज्ञा निमूटपणें चालते. ती पाळण्यावरील जुनें नांव पुसून 'प्रयोग' हें नवें नांव लिहिते, दुसरें कांहीं करीत नाहीं. ह्यानंतर कोणी 'गिट स्विच मेन' म्हणून परत जाऊं लागला तर 'मेन' नांवाचें कांहींच नाहीं असें उत्तर मिळतें, आणि आपली शाखा हरवली असें त्यास वाटतें. पण जी जन्मलीच नव्हती ती हरवणार कशी? ज्यास फक्त पहिल्या शाखेचें नांव बदलावयाचें आहे, त्यानें 'गिट ब्रँच -एम मेन' अशी आज्ञा द्यावी.

३. मेजावरील कागद, चळत व पक्की वही

गिटमध्यें काम तीन ठिकाणीं असतें. फोल्डरांतील फाइली म्हणजे मेजावर पसरलेले कागद. त्यांतून 'गिट ॲड' म्हणून जे आपण निवडतों, त्यांची एक चळत रचली जाते. तिला 'इंडेक्स' म्हणतात. आणि 'गिट कमिट' म्हटलें कीं ती चळत पक्क्या वहींत चिकटविली जाते. नवीन भांडारांत मेज आहे, चळतही रचतां येते, परंतु वहीचें पहिलें पान अजून कोरें आहे.

'गिट डिफ' ही फरक दाखविणारी आज्ञा ह्या तीन ठिकाणांपैकीं कोणत्या दोहोंची तुलना करते, तें समजून घ्यावें. नुसतें 'गिट डिफ' मेज आणि चळत ह्यांत तुलना करतें. पण जो कागद चळतींत कधीं गेलाच नाहीं, त्याचा तें उल्लेखही करीत नाहीं. म्हणून नवी फाइल लिहून लगेच ही आज्ञा दिल्यास कांहींच दिसत नाहीं. 'गिट डिफ --कॅश्ड' चळत आणि वही ह्यांची तुलना करतें. वही कोरी असल्यास कोऱ्या पानाशींच तुलना करून चळतींतील सर्व मजकूर नवा म्हणून दाखवितें. मात्र 'गिट डिफ हेड' म्हटलें तर गिट थांबतें, कारण येथें आपण नोंदीचें नांव स्पष्टपणें घेऊन ती मागितली. वर सांगितलेली किल्ली येथेंही लागू पडते.

४. एक अक्षराची किंमत

आतां जो प्रकार सांगावयाचा, त्यांत कामाचा खराखुरा नाश होऊं शकतो; म्हणून वाचकांनीं तो सावकाश वाचावा.

चळतींत भलतीच फाइल गेली तर ती परत कशी काढावी? पहिल्या नोंदीनंतर 'गिट स्टेटस' ह्यासाठीं 'गिट रिस्टोअर --स्टेज्ड' ही आज्ञा सुचवितें. तिचा अर्थ असा कीं, वहींत जशी प्रत आहे तशी चळतींत ठेवावी. पहिल्या नोंदीपूर्वीं वहींत प्रतच नसते. म्हणून त्या वेळीं तेंच 'गिट स्टेटस' निराळी आज्ञा सुचवितें, ती 'गिट आरएम --कॅश्ड'. ह्यांतील 'आरएम' चा अर्थ काढून टाकणें, आणि 'कॅश्ड' चा अर्थ फक्त चळतींतून. हा शेवटचा शब्द गळला तर आज्ञेचा अर्थ होतो: चळतींतूनही काढा व मेजावरूनही काढा.

गेल्या वर्षीं आठवीच्या एका विद्यार्थिनीचें असेंच झालें. चार संध्याकाळ खपून तिनें गुणपत्रिका तयार करण्याचा एक प्रोग्राम लिहिला होता. पहिल्या नोंदीपूर्वीं एक फाइल चळतींतून काढावी असें तिच्या मनांत आलें, आणि 'कॅश्ड' हा शब्द न लिहितां तिनें आज्ञा दिली. गिटनें ती लगेच मानली नाहीं. ही फाइल चळतींत आहे व कोठेंही नोंदलेली नाहीं असें बजावून त्यानें दोन मार्ग दाखविले: फाइल राखावयाची असेल तर 'कॅश्ड' लिहा, आणि खरोखर नाहींशी करावयाची असेल तर 'एफ' हें अक्षर लिहा. मुलीनें त्यांतला आंखूड मार्ग निवडला. फाइल गेली.

सुदैवानें ह्या गोष्टीचा शेवट दुःखाचा नाहीं, आणि तो कां नाहीं हें समजण्यासारखें आहे. 'गिट ॲड' म्हणतांच फाइलीची त्या क्षणींची प्रत भांडारांत लिहिली जाते. चळतींत केवळ तिचें नांव व क्रमांक राहतो. चळतींतून नांव गेलें तरी ती प्रत लगेच पुसली जात नाहीं. 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' ही आज्ञा दिल्यावर अशा निनांवी प्रती '.गिट' मधील एका वेगळ्या फोल्डरांत काढून ठेवल्या जातात. तेथें मजकूर जशाचा तसा सांपडला. फाइलीचें नांव मात्र गेलेलें होतें, आणि नांवाच्या जागीं लांबलचक क्रमांक होता. तो प्रोग्राम वाचून ओळखावा लागला. परंतु 'ॲड' केल्यानंतर जें लिहिलें असेल तें ह्या मार्गानें परत मिळत नाहीं. ज्या फाइलीला 'ॲड' कधीं केलेंच नाहीं ती मुळींच मिळत नाहीं. आणि गिटच्या साफसफाईंत अशा निनांवी प्रती साधारण दोन आठवड्यांनंतर काढून टाकल्या जातात.

ह्याच जातीची दुसरी आज्ञा 'गिट रिसेट --हार्ड'. पहिल्या नोंदीपूर्वीं ती दिल्यास चळत कोऱ्या पानासारखी रिकामी होते, आणि चळतींत असलेल्या फाइली मेजावरूनही नाहींशा होतात. नुसतें 'गिट रिसेट' म्हटल्यास चळत तेवढी रिकामी होते व फाइली जागच्या जागीं राहतात. २०१३ मध्यें निघालेल्या १.८.२ ह्या आवृत्तीपासून ही साधी आज्ञा अजात शाखेवरही चालते.

म्हणून आमचें विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, पहिली नोंद होईपर्यंत 'हार्ड', 'फोर्स' अथवा 'एफ' ही अक्षरें ज्या आज्ञेंत असतील ती आज्ञा देऊं नये. अडचण आल्यास फोल्डराची एक साधी प्रत दुसरीकडे करून ठेवावी, आणि मग विचार करावा.

५. रिकामें फोल्डर व भांडारांतील भांडार

पुष्कळ विद्यार्थी व्यवस्थित असतात; ते आधीं चित्रें, ध्वनि, मजकूर अशीं रिकामीं फोल्डरें तयार करितात व मग नोंद करूं लागतात. गिट सांगतें कीं नोंदण्यासारखें कांहींच नाहीं. हा दोष नव्हे. गिट फाइलींची नोंद ठेवतें, फोल्डरांची नव्हे; फाइलीच्या पत्त्यांत जेवढें फोल्डराचें नांव येईल तेवढेंच तें जाणतें. रिकामें फोल्डर राखावयाचेंच असेल तर त्यांत एखादी लहान फाइल ठेवावी. तिला '.गिटकीप' असें नांव देण्याचा प्रघात आहे. पण हा केवळ प्रघात होय, गिटला त्या नांवाचा विशेष अर्थ नाहीं.

'गिट इनिट' एकाच ठिकाणीं दोनदां दिलें म्हणून कांहीं बिघडत नाहीं. असलेल्या नोंदी सुरक्षित राहतात. परंतु बाहेरच्या फोल्डरांत एक भांडार आणि आंतल्या फोल्डरांत दुसरें, असें झाल्यास घोटाळा होतो. बाहेरचें भांडार आंतल्याच्या फाइली स्वीकारीत नाहीं. त्याच्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक तेवढा लिहून ठेवतें. गिट 'ॲड' च्या वेळीं तसा इशारा देतें. तो न वाचतां काम पुढें पाठविलें, तर दुसऱ्याच्या यंत्रावर तें आंतलें फोल्डर रिकामें निघतें. म्हणून 'गिट इनिट' देण्यापूर्वीं आपण कोणत्या फोल्डरांत उभे आहों हें पाहून घ्यावें.

६. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत

आपलें काम दूरच्या भांडारांत पाठविण्यासाठीं 'गिट पुश ओरिजिन मेन' अशी आज्ञा देतात. नव्या भांडारांत ही दिली असतां 'मेन' शी जुळणारें कांहींच नाहीं असें उत्तर पुष्कळांस मिळतें. विद्यार्थी समजतो कीं दूरच्या भांडारांत दोष आहे, आणि तेथील पासवर्ड बदलण्यांत तास घालवितो. वास्तविक तक्रार आपल्याच घरची आहे: जें पाठवावयाचें तें आपल्याकडे नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

ह्याचीं कारणें बहुधा तीन असतात. पहिलें, नोंद केलीच नाहीं, केवळ 'ॲड' केलें. दुसरें, नोंद केली असें वाटलें, पण ती झाली नाहीं. कारण नव्या यंत्रावर पहिल्या नोंदीच्या वेळीं गिट तुमचें नांव व ईमेलचा पत्ता विचारतें, आणि तीं सांगेपर्यंत नोंद करण्याचें नाकारतें. तिसरें, नोंद झाली, पण आपल्या शाखेचें नांव 'मास्टर' आहे आणि पाठवावयास आपण 'मेन' सांगितलें. तिन्हींचा निकाल 'गिट स्टेटस' ह्या एका आज्ञेनें लागतो. तें शाखेचें नांवही सांगतें व नोंद नसल्यास तेंही सांगतें. दुसऱ्या कारणांत एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. तेथें खरी चूक आधींच्या संदेशांत सांगितलेली असते. विद्यार्थी मात्र शेवटच्या संदेशाशीं भांडत बसतो. संदेश नेहमीं पहिल्यापासून वाचावे.

दूरचें भांडार रिकामें असतांना त्याची प्रत 'गिट क्लोन' नें घेतली, तर आपण रिकाम्या भांडाराची प्रत घेतली असा इशारा मिळतो. तो केवळ इशारा आहे, नकार नव्हे. काम नेहमींप्रमाणें सुरू करावें.

७. दोन मुळांचें झाड

शेवटचें कोडें सर्वांत अवघड, आणि त्याचा संबंध केवळ आपल्या कामाशीं नसून सोबत्याच्या कामाशींही आहे.

नववीचे दोघे विद्यार्थी विज्ञान-प्रदर्शनासाठीं पर्जन्यमानाचा एक प्रोग्राम लिहीत होते. एकानें संकेतस्थळावर भांडार उघडून त्यांत जून, जुलै व ऑगस्ट ह्या तीन महिन्यांचीं पावसाचीं मोजमापें फाइलींत लिहून ठेवलीं. दुसऱ्यानें आपल्या घरीं 'गिट इनिट' देऊन प्रोग्राम लिहिला व नोंद केली. दुसऱ्यानें आपलें काम पाठवूं पाहिलें, तें नाकारलें गेलें: तेथें तुमच्याकडे नसलेल्या नोंदी आहेत. त्यानें त्या आणूं पाहिल्या, त्याही नाकारल्या गेल्या: ह्या दोन इतिहासांचा परस्परांशीं संबंध नाहीं.

हा दुसरा नकार २०१६ मध्यें निघालेल्या २.९ ह्या आवृत्तीपासून मिळूं लागला. दोन शाखांचा मिलाफ करतांना गिट त्यांचा समान पूर्वज शोधतें. प्रत्येक भांडाराची पहिली नोंद पूर्वजावांचूनची असते. तेव्हां निरनिराळ्या ठिकाणीं सुरू झालेल्या दोन भांडारांस समान पूर्वज असणें शक्य नाहीं. अशीं दोन झाडें चुकून एकत्र बांधलीं जाऊं नयेत म्हणून गिट आधीं विचारतें. ज्यानें स्वतःची एकही नोंद केलेली नाहीं, त्याला मात्र हा नकार मिळत नाहीं. त्याची शाखा अजात असल्यामुळें ती सरळ दूरच्या नोंदीवर जन्म घेते.

त्या मुलास कोणी सांगितलें होतें कीं, 'गिट पुश --फोर्स' म्हटलें म्हणजे काम जातें. जातें हें खरें. परंतु दूरच्या शाखेची खूण मग ह्याच्या नोंदीवर येऊन बसते, आणि सोबत्याच्या तीन महिन्यांच्या मोजमापांकडे दाखविणारें त्या शाखेंत कांहींच उरत नाहीं. तीं मोजमापें दुसरीकडे कोठेंही लिहिलेलीं नव्हतीं. मुलानें आज्ञा लिहिली होती. पण देण्यापूर्वीं तो विचारावयास आला, हें त्यास भूषणावह आहे.

ह्यावर योग्य उपाय असा. दोन्ही कामें खरोखर एकत्र आणावयाचीं असतील तर 'गिट पुल --नो-रिबेस --अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज ओरिजिन मेन' अशी आज्ञा द्यावी. म्हणजे दोन मुळांचें एक झाड होतें. एकाच नांवाची फाइल दोन्हींकडे असून मजकूर निराळा असेल, तर कोणता राखावा हें हातानें ठरवावें लागतें. त्याहून चांगलें म्हणजे हा प्रसंगच येऊं न देणें. दूरचें भांडार आधीं उघडलें असेल तर त्याची प्रत 'गिट क्लोन' नें घ्यावी व तींत काम सुरू करावें. घरचें काम आधीं सुरू झालें असेल तर दूरचें भांडार अगदीं रिकामें उघडावें, त्यांत परिचयाची फाइलसुद्धां ठेवूं नये.

८. पहिलीच नोंद चुकली तर

सामान्यतः शेवटची नोंद मागें घेण्यासाठीं 'गिट रिसेट हेड~१', म्हणजे एक पाऊल मागें, असें म्हणतात. पहिल्या नोंदीच्या मागें पाऊल ठेवण्यास जागाच नाहीं, म्हणून ही आज्ञा तेथें चालत नाहीं. मजकूर किंवा संदेश चुकला असेल तर आतां 'गिट कमिट --अमेंड' चालतें, कारण सुधारावयास नोंद आहे. नोंदच नको असेल तर 'गिट अपडेट-रेफ -डी हेड' ही आज्ञा शाखेची खूण पुसून टाकते; फाइली व चळत जशींच्या तशीं राहतात, आणि शाखा पुन्हां अजात होते. ही आज्ञा एकच नोंद असतांना द्यावी. पुष्कळ नोंदी असलेल्या शाखेवर दिल्यास सर्वच नोंदींची खूण जाते. '.गिट' फोल्डर पुसून पुन्हां आरंभ करण्याचा सल्लाही पुष्कळ देतात. त्यानें सारा इतिहास जातो, हें लक्षांत ठेवून मगच तो मानावा.

पालकांस विनंति

आपल्या पाल्याच्या पडद्यावर 'फेटल' अथवा 'एरर' असे शब्द दिसले तर त्यानें यंत्र मोडलें असें कृपया समजूं नये, व त्यास रागावूं नये. रागावलेलें मूल तो संदेश लवकर नाहींसा करावयास पाहतें. आणि वर सांगितलेलें बहुतेक नुकसान अशा घाईंतच होतें. आपणांस इंग्रजी अथवा काँप्युटर येत नसला तरी एक मदत आपण निश्चित करूं शकतां: "काय लिहिलें आहे तें मला मराठींत सांग," एवढें त्यास म्हणावें. जो संदेश स्वतःच्या भाषेंत सांगतां आला, त्याचें अर्धें उत्तर मिळालेंच. काम जपणारें साधन मुलाच्या हातीं देणें सोपें आहे. तें साधन काय बोलतें हें ऐकण्याची संवय लावणें हें शाळेचें व घराचें दोघांचें काम आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

एक रिकामें फोल्डर मुद्दाम तयार करून त्यांत पुढील प्रयोग करावे. आपल्या खऱ्या कामांत करूं नयेत.

(१) 'गिट इनिट' नंतर 'गिट ब्रँच' व 'गिट ब्रँच --शो-करंट' ह्या आज्ञा द्या. उत्तरांतील फरकाचें कारण दोन वाक्यांत लिहा.

(२) पहिल्या नोंदीपूर्वीं 'गिट डिफ', 'गिट डिफ --कॅश्ड' व 'गिट डिफ हेड' ह्यांपैकीं कोणती आज्ञा थांबते? कां?

(३) एक फाइल 'ॲड' करा, तींत आणखी एक ओळ लिहा, आणि फाइल हातानें पुसा. 'गिट एफएससीके' ची गरज न लागतां ती चळतींतून परत आणतां येईल काय? कोणती ओळ परत मिळेल व कोणती मिळणार नाहीं?

(४) 'गिट पुश' नाकारलें गेल्यास ज्या तीन गोष्टी प्रथम पाहावयाच्या, त्या क्रमानें लिहा.

(५) 'गिट पुश --फोर्स' दिल्यानें सोबत्याच्या नोंदींचें काय होतें, हें आपल्या धाकट्या भावंडास समजेल अशा शब्दांत सांगा.